कॅन्सर रिसर्चला सरकारनेच पैसे का द्यायचे? कंपन्या आहेत ना?

निळी_शाई:
नमस्कार मंडळी. एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय म्हणून विचारतेय. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर रिसर्चचं सरकारी फंडिंग कमी करण्यावरून जोरदार वाद झाला. एका मामांचं म्हणणं असं की औषध कंपन्या कॅन्सरच्या एकेका औषधावर अफाट कमावतात, मग संशोधनाचा खर्चही त्यांनीच करावा, तो करदात्याच्या खिशातून कशाला, आणि ज्यांना कळवळा आहे ते देणग्या देतातच की. दुसरा मुद्दा असा आला की अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष निक्सनने १९७१ मध्ये नॅशनल कॅन्सर अ‍ॅक्टवर (कॅन्सर संशोधनाला सरकारी बळ देणाऱ्या कायद्यावर) सही केली त्याला पन्नासच्या वर वर्षं झाली, एवढा पैसा ओतला तरी कॅन्सर आहे तिथेच आहे. मी कॉमर्सवाली, मला हे पटत नाहीये पण का पटत नाही ते धड मांडताही येत नाही. मी स्वतः एका संस्थेला दर महिन्याला थोडे पैसे देते त्यामुळे देणगीने भागतं का हाही प्रश्न आहेच. ज्यांना आतली माहिती आहे त्यांनी जरा सविस्तर लिहा प्लीज, लिंका नकोत, तुमच्या शब्दांत सांगा.

सूक्ष्मदर्शक:
मी बरीच वर्षं लॅबमध्ये काढलीत म्हणून लिहितो, लांब होईल.

तुमच्या मामांचं अर्धं बरोबर आहे. औषध बाजारात आणायचा शेवटचा टप्पा, म्हणजे मोठ्या ट्रायल (रुग्णांवरच्या चाचण्या), उत्पादन, मंजुरी, हा खर्च बहुतेक वेळा कंपन्याच करतात आणि तो प्रचंड असतो, ते कुणी नाकारू नये. पण कंपनी कधी पैसे लावते? जेव्हा नेमकं कशावर नेम धरायचा ते कळलेलं असतं तेव्हा. ते कळेपर्यंतचा जो काळ असतो ना, जिथे आपण शोधतोय त्याचा कॅन्सरशी काही संबंध आहे की नाही हेसुद्धा माहीत नसतं, तो काळ कोण पोसणार हा खरा प्रश्न आहे.

सिसप्लॅटिन या केमोच्या औषधाचंच उदाहरण घ्या. मिशिगन स्टेट या सरकारी विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग नावाचे बायोफिजिसिस्ट होते, त्यांना बघायचं होतं की विजेच्या क्षेत्राचा पेशींच्या विभाजनावर परिणाम होतो का. बॅक्टेरियाच्या द्रावणात प्लॅटिनमचे इलेक्ट्रोड घातले, कारण प्लॅटिनम कशाशी रिअ‍ॅक्शन करत नाही असं मानलं जायचं. झालं असं की बॅक्टेरिया वाढत राहिले, लांबच लांब दोरे झाले, पण विभागणी थांबली. खूप खटपट केल्यावर कळलं की हे विजेमुळे नाहीये, इलेक्ट्रोडमधून सुटलेल्या प्लॅटिनमच्या संयुगांमुळे आहे. हे १९६५ मध्ये छापलं गेलं, मग उंदरांमधल्या गाठींवर वापरून बघितलं, मग अमेरिकेच्या सरकारी नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटच्या मदतीने माणसांवर ट्रायल झाल्या आणि १९७८ मध्ये मंजुरी मिळाली. आज अंगभर पसरलेला वृषणाचा कॅन्सरसुद्धा बहुतेक तरुणांमध्ये पूर्ण बरा होतो तो या औषधाच्या जोरावर. आता मला सांगा, विजेने बॅक्टेरियाचं काय होतं हे बघायला कुठल्या कंपनीचं बोर्ड पैसे मंजूर करेल? करणार नाही, आणि त्यांच्या जागी ते बरोबरच आहेत, त्यांना भागधारकांना उत्तर द्यायचं असतं.

दुसरं उदाहरण इमॅटिनिब, ब्लड कॅन्सरवरची गोळी. १९६० मध्ये नोवेल आणि हंगरफोर्ड यांना एका प्रकारच्या ब्लड कॅन्सरच्या रुग्णांमध्ये एक क्रोमोसोम नेहमीपेक्षा छोटा दिसला. का, ते कुणालाच सांगता येईना. १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी दाखवलं की ९ आणि २२ नंबरच्या क्रोमोसोमचे तुकडे एकमेकांत बदलले गेलेत. मग ८० च्या दशकात त्या जोडणीतून तयार होणारं जीन आणि त्याचं प्रोटीन सापडलं, आणि त्यानंतर कुठे कंपनीच्या केमिस्टांनी ते प्रोटीन अडवणारा रेणू बनवला. ब्रायन ड्रकर या डॉक्टरने तो रुग्णांपर्यंत नेण्यासाठी अक्षरशः पाठपुरावा केला आणि २००१ मध्ये मंजुरी आली. क्रोमोसोम दिसल्यापासून गोळी हातात पडेपर्यंत ४१ वर्षं. या ४१ वर्षांतला मोठा भाग विद्यापीठांत आणि सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या लॅबमध्ये गेलाय. २०१८ मध्ये एक अभ्यास आला होता, २०१० ते २०१६ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेली २१० नवीन औषधं तपासली (सगळ्या आजारांची, फक्त कॅन्सरची नव्हे) आणि प्रत्येकाच्या मुळाशी कुठे ना कुठे एनआयएचच्या (अमेरिकेची सरकारी आरोग्य संशोधन संस्था) पैशातून झालेलं काम सापडलं. २१० पैकी २१०.

रात्रपाळी:
सूक्ष्मदर्शक यांच्याशी सहमत आहेच, पण मला वाटतं यापेक्षाही मोठं कारण वेगळं आहे आणि त्यावर फारसं कुणी बोलत नाही. मी कॅन्सर वॉर्डात काम केलंय, नंतर ट्रायलचं कोऑर्डिनेशन केलं, त्यामुळे हे रोज समोर बघितलंय.

कंपनी नेहमी एकच प्रश्न विचारते, आमचं औषध जोडलं तर फायदा होतो का. रुग्णाचा प्रश्न बरेचदा उलटा असतो. मला हे खरंच घ्यावं लागेल का, वर्षभराऐवजी सहा महिने घेतलं तर चालेल का, पूर्ण स्तन काढायचा की फक्त गाठ काढून भागेल. या प्रश्नांची उत्तरं शोधण्यात कुणाचाही धंदा नाही, उलट काहींचं नुकसानच आहे. मग ती शोधायची कुणी?

बर्नार्ड फिशर नावाच्या सर्जनने सरकारी पैशातून जी ट्रायल केली तिचे निकाल १९८५ मध्ये आले. गाठ काढून रेडिएशन दिलं तर सुरुवातीच्या स्टेजच्या बायका पूर्ण स्तन काढलेल्या बायकांइतक्याच जगतात हे त्यातून सिद्ध झालं, आणि पुढे वीस वर्षांचा फॉलोअप झाला तरी निष्कर्ष तोच राहिला. त्याआधी कित्येक दशकं बायकांचे स्तन, छातीचे स्नायू, काखेतल्या गाठी सगळं काढून टाकायचे आणि तेच योग्य मानलं जायचं. जगभरातल्या किती बायकांचं शरीर या एका ट्रायलने वाचवलं असेल याचा विचार करा.

टेलरएक्स म्हणून ट्रायल आहे, दहा हजारांवर बायका, नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटने चालवलेली, निकाल २०१८ मध्ये. स्तनाच्या कॅन्सरचा जो सगळ्यात कॉमन प्रकार, हार्मोन पॉझिटिव्ह (हार्मोनच्या जोरावर वाढणारा), हर-टू निगेटिव्ह (हर-टू हे प्रोटीन जास्त नसलेला) आणि काखेत न पसरलेला, त्यातल्या ज्यांचा जीन टेस्टचा (कॅन्सर परत येण्याचा धोका सांगणारी गाठीची तपासणी) स्कोअर मधला येतो त्यांना ऑपरेशननंतर केमो द्यावी की नाही हे डॉक्टरांनाही ठरवता येत नव्हतं, म्हणून सरसकट द्यायचे. निकाल आला की त्यातल्या बहुतेकींना फक्त हार्मोनच्या गोळ्या पुरतात, केमोने वेगळा फायदा होत नाही (पन्नाशीच्या आतल्या काहींचं गणित थोडं वेगळं आहे). मी केमोच्या बेडशेजारी उभी राहिलेली बाई आहे, उलट्या, केस गळणं, बोटांना येणारा बधिरपणा, नोकरी सुटणं, हे सगळं बघितलंय, त्यामुळे "केमो लागणार नाही" या वाक्याची किंमत मला माहितीये.

ब्रिटनमधली पर्सेफोनी ट्रायलही अशीच. ट्रॅस्टुझुमॅब हे हर-टू पॉझिटिव्ह स्तनाच्या कॅन्सरवरचं औषध वर्षभर देतात, त्याचा हृदयावर परिणाम होऊ शकतो आणि ते महागही आहे. चार हजारांवर बायकांमध्ये सहा महिने विरुद्ध बारा महिने अशी तुलना केली, पैसे ब्रिटिश सरकारच्या आरोग्य संशोधन संस्थेचे, आणि २०१९ मध्ये निकाल आला की सहा महिन्यांचा परिणाम जवळजवळ तेवढाच आहे आणि हृदयाचा त्रास कमी. स्वतःचं औषध निम्मं विकलं जावं म्हणून कोण ट्रायल करेल? (हे वाचून कुणी स्वतःहून औषध थांबवू नका, ज्याची त्याची केस वेगळी असते, डॉक्टरांशी बोला.)

आणि टाटा मेमोरियलची लिग्नोकेनची ट्रायल. टाटा मेमोरियल सेंटर अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आहे, म्हणजे पैसा सरकारीच. लिग्नोकेन म्हणजे दात काढताना बधिर करायला देतात तेच जुनं औषध. ऑपरेशनच्या काही मिनिटं आधी गाठीच्या भोवती टोचलं, पंधराशेच्या वर बायका, २०२३ मध्ये छापून आलं, पाच वर्षांनी जिवंत असण्याचं प्रमाण ९०.१ टक्के, इंजेक्शन न दिलेल्यांमध्ये ८६.४. याचं पेटंट संपून जमाना झाला, त्यामुळे कुणीही सेल्समन हे घेऊन डॉक्टरकडे येणार नाहीये. सरकारने केलं नसतं तर हे कळलंच नसतं.

हिशोबी:
वरचे दोन्ही प्रतिसाद आवडले. मी फंडिंगच्या बाजूचाच आहे पण करदाता म्हणून एक गोष्ट मला खरोखर सलते आणि ती इथे बोललीच पाहिजे.

आपण एकदा संशोधनाला पैसे देतो आणि मग तेच औषध विकत घ्यायला दुसऱ्यांदा देतो. टॅक्सॉल या केमोच्या औषधाचा इतिहास बघा. १९६२ मध्ये अमेरिकन सरकारच्या वनस्पती गोळा करण्याच्या कार्यक्रमातून पॅसिफिक यू झाडाची साल आली. मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी त्यातला घटक वेगळा काढून १९७१ मध्ये त्याची रचना छापली. सुझन हॉर्विट्झ यांनी १९७९ मध्ये तो पेशीत नेमकं काय करतो ते दाखवलं. ट्रायलही सरकारी पैशातून सुरू झाल्या. एवढं सगळं झाल्यावर १९९१ मध्ये करार करून ते ब्रिस्टल मायर्स स्क्विब कंपनीकडे दिलं आणि १९९२ मध्ये मंजुरी आली. अमेरिकेच्या संसदेसाठी ऑडिट करणाऱ्या कार्यालयाचा २००३ चा रिपोर्ट आहे. त्यात लिहिलंय की एनआयएचने टॅक्सॉलशी संबंधित संशोधनावर २००२ पर्यंत ४८ कोटी ४० लाख डॉलर खर्च केले, कंपनीची त्या औषधाची विक्री ९०० कोटी डॉलरच्या वर गेली आणि सरकारला रॉयल्टी म्हणून परत आले साडेतीन कोटी. हे वाचल्यावर "कंपन्यांनी द्यावेत पैसे" असं मामांना वाटलं तर मी त्यांना दोष देणार नाही.

दुसरं म्हणजे दर्जा. २०२१ मध्ये एक मोठा प्रकल्प पूर्ण झाला, कॅन्सर बायॉलॉजीतल्या गाजलेल्या पेपरमधले प्रयोग पुन्हा करून बघायचे. ५३ पेपरमधले १९३ प्रयोग करायचे ठरवले होते, करता आले फक्त ५०, तेही २३ पेपरमधले. कारण मूळ पेपरमध्ये पद्धत नीट लिहिलेली नव्हती, डेटा मागितला तर मिळत नव्हता, काही लेखकांनी उत्तरंच दिली नाहीत. जनतेच्या पैशातून प्रयोग झाला असेल तर त्याची वही जनतेसमोर उघडी पाहिजे ना? माझं म्हणणं एवढंच की पैसे जरूर द्या, पण अटी घालून द्या. औषध निघालं तर किमतीवर सरकारचं काही तरी म्हणणं असलं पाहिजे आणि डेटा खुला असला पाहिजे.

सूक्ष्मदर्शक:
हिशोबी, तुमचे दोन्ही मुद्दे मान्य, डेटाचा तर शंभर टक्के. लॅबमध्ये तरुण मुलांवर पेपर छापायचं इतकं प्रेशर असतं की पद्धत बारकाईने लिहून ठेवायला, नकारात्मक निकाल छापायला कुणाला वेळच दिला जात नाही, कारण पुढची ग्रँट (संशोधनासाठीचा निधी) त्यावर मिळत नाही. हा पैसे देण्याच्या पद्धतीतला दोष आहे आणि तो पैसे देणाऱ्यानेच सुधारायला हवा. फक्त एक, टॅक्सॉलचं उदाहरण करार वाईट झाला हे दाखवतं, संशोधनावर खर्च करू नये हे नाही. झाडाची साल कंपनीने गोळा केलीच नसती.

एका_मुलीची_आई:
मी इथे एरवी फक्त वाचते, लिहीत नाही, पण "पन्नास वर्षांत काय झालं" हे वाचून राहवलं नाही.

माझ्या मुलीला लहानपणी ल्युकेमिया म्हणजे ब्लड कॅन्सर झाला होता, त्यातला एएलएल हा प्रकार. निदान झालं त्या रात्री मी जे जे सापडेल ते वाचत बसले होते आणि त्यात एक जुना आकडा वाचला की १९६० च्या सुमारास हा आजार झालेल्या मुलांपैकी पाच वर्षं जगणारी दहा टक्केसुद्धा नव्हती. सकाळी डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले आता पूर्ण उपचार मिळाले तर नव्वदच्या आसपास. मला वाटलं काहीतरी नवीन भारी औषध निघालं असणार. पण औषधांची नावं बघितली, मेथोट्रेक्सेट, व्हिन्क्रिस्टिन, सिक्स एमपी, स्टेरॉइड, सगळी १९५० आणि ६० च्या दशकातली. मग फरक कशाने पडला, तर डॉक्टरांनी मला शांतपणे बसवून समजावलं की फरक पडला तो ट्रायलनी. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटच्या सरकारी हॉस्पिटलात फ्राय आणि फ्रायराइक यांनी चार औषधं एकत्र द्यायचा प्रयोग केला, तेव्हा लोक त्यांना निर्दयी म्हणायचे. त्यानंतर एकामागून एक ट्रायल, कुठलं औषध आधी, किती डोस, किती महिने, कुठल्या मुलाला जास्त द्यायचं आणि कुठल्या मुलाचं कमी केलं तर चालतं. प्रत्येक ट्रायलने थोडं थोडं पुढे नेलं. आधी आजार मेंदूत लपू नये म्हणून मुलांच्या डोक्याला रेडिएशन द्यायचे, त्याने पुढे शिकण्यात, वाढीत अडचणी यायच्या. नंतरच्या ट्रायलनी दाखवलं की पाठीतून औषध दिलं तर बहुतेक मुलांना ते रेडिएशन लागत नाही. माझ्या मुलीलाही लागलं नाही.

मुलांचे कॅन्सर संख्येने कमी, त्यातही प्रकार बरेच, म्हणजे विक्री थोडी. जुन्या स्वस्त औषधांचं वेळापत्रक सुधारण्यात कुठली कंपनी चाळीस-पन्नास वर्षं घालवेल? हे वेगवेगळ्या देशांतल्या हॉस्पिटलांनी एकत्र येऊन केलं, मुख्यतः सरकारी पैशावर, देणग्यांचाही मोठा हात आहे त्यात. आणि आपली मुलं ट्रायलमध्ये घालणाऱ्या आईबापांचा, ज्यांतल्या कित्येकांची मुलं त्या काळात वाचली नाहीत. त्या मुलांच्या नोंदींवर माझ्या मुलीचं प्रोटोकॉल बनलेलं आहे हे मी कधीच विसरत नाही. त्यामुळे पन्नास वर्षं पैसा वाया गेला असं कुणी म्हटलं की मला फार लागतं.

रात्रपाळी:
ताई, लिहिलंत ते फार बरं केलंत. मुलीला खूप आशीर्वाद.

सूक्ष्मदर्शक:
ताईंनी लिहिलंय त्यानंतर आकडे द्यायला नको वाटतं पण निळी_शाई यांना मामांशी बोलायचंय म्हणून. कॅन्सर म्हणजे एक रोग नाही, शेकडो आहेत, त्यामुळे "कॅन्सरवर इलाज" असा एकच एक दिवस उजाडणार नाही. पण अमेरिकेत कॅन्सरने मरण्याचा दर १९९१ ते २०२१ मध्ये साधारण एक तृतीयांशाने खाली आलाय. त्यात सिगारेट कमी झाल्याचा वाटा मोठा आहे, लवकर निदानाचा आणि नव्या उपचारांचाही आहे.

सिगारेटवरून आठवलं, ब्रिटनमध्ये डॉल आणि हिल यांनी १९५१ मध्ये डॉक्टरांनाच पत्रं पाठवून सिगारेट ओढता का विचारलं आणि सुमारे ३४ हजार पुरुष डॉक्टरांचा पाठपुरावा २००१ पर्यंत केला. ५० वर्षं. सरकारी मेडिकल रिसर्च कौन्सिलचा आधार होता. सिगारेट ओढत राहणारे सरासरी दहा वर्षं आधी मरतात आणि तिशीत सोडली तर ते जवळजवळ सगळं नुकसान टळतं, हे आपल्याला त्यातून कळलं. असा अभ्यास मध्येच दोन वर्षं बंद ठेवून परत सुरू करता येत नाही. लॅबचंही तेच, ग्रँट तुटली की शिकून तयार झालेली माणसं निघून जातात, उंदरांच्या पिढ्या संपतात, आणि परत पैसे आले तरी ती टीम जमत नाही. म्हणून कपातीची बातमी आली की आमच्या पोटात गोळा येतो.

देणगीचं विचारलंत. द्या, जरूर देत राहा, ब्रिटनमध्ये तर कॅन्सर रिसर्चचा फार मोठा भाग देणग्यांवर चालतो आणि उत्तम चालतो. पण देणगी ज्या आजाराची गोष्ट लोकांना भिडते तिकडे जास्त जाते. फुप्फुसाच्या कॅन्सरला "स्वतःच ओढवून घेतलं" म्हणून कमी मिळते, स्वादुपिंडाच्या कॅन्सरचे रुग्ण इतक्या लवकर जातात की त्यांच्यासाठी बोलायला फार लोक मागे उरत नाहीत. आणि २०२० मध्ये कोविडमुळे संस्थांची दुकानं, मॅरेथॉन बंद पडल्या, देणग्या आटल्या आणि रिसर्चचे पैसे कापावे लागले. सरकारी पैशाने हे दोन्ही खड्डे भरायचे असतात, दुर्लक्षित आजार आणि वाईट वर्षं.

एचपीव्ही या व्हायरसवरच्या लसीचं पण सांगा मामांना. हॅराल्ड झूर हाउसेन यांनी १९८३-८४ मध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागचे व्हायरस शोधले, पुढे २००८ चं नोबेल मिळालं, पण त्या वेळी लस बनवा म्हणून कंपनीकडे गेले तेव्हा याला मार्केट नाही म्हणून नकार आला. लसीचा जो मूळ कण, रिकामं कवच, व्हायरसचा डीएनए नसलेलं, त्यावरचं महत्त्वाचं काम सरकारी संस्थेतल्या लोवी आणि शिलर यांनी ९० च्या दशकात केलं (ऑस्ट्रेलियातल्या विद्यापीठातही झालं), मग कंपन्या आल्या आणि लस २००६ मध्ये बाजारात.

निळी_शाई:
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. एका मुलीची आई, तुमचा प्रतिसाद मी घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवला. मामांचा मेसेज आला की कंपनी स्वतःच्या औषधाचा डोस कमी करायची ट्रायल करणार नाही हे त्यांना पटलं, पण हिशोबी यांचा मुद्दाच त्यांचा खरा मुद्दा आहे म्हणे, किमतीवर अट पाहिजे. त्यावर माझं आणि त्यांचं आता एकमत आहे. एक शेवटचं, एखादी ट्रायल किंवा बातमीतला स्टडी कुणाच्या पैशातून झालाय हे माझ्यासारखीला कसं कळणार?

रात्रपाळी:
कळतं, अवघड नाहीये. कुठल्याही पेपरच्या शेवटी, संदर्भांच्या यादीच्या जरा आधी, फंडिंग म्हणून परिच्छेद असतो, काही जर्नलमध्ये पहिल्याच पानावर सारांशाखाली असतो. पैसे कुणी दिले ते तिथे लिहावंच लागतं, आणि लेखकांना कंपन्यांकडून मानधन मिळत असेल तर तेही वेगळं लिहिलेलं असतं, ते पण वाचा. ट्रायल चालू असेल तर ट्रायल रजिस्ट्रीत (ट्रायलची ऑनलाइन नोंदवही) तिचं नाव टाकून शोधा, तिथे स्पॉन्सर आणि कोलॅबोरेटर अशा दोन जागा असतात, दोन्ही बघा, कारण बरेचदा ट्रायल विद्यापीठाची असते आणि औषध कंपनीने फुकट दिलेलं असतं. तसं असलं म्हणून ट्रायल खोटी ठरत नाही, फक्त प्रश्न कुणाचा आहे ते कळतं. अमेरिकेच्या एनआयएचची तर प्रत्येक ग्रँट ऑनलाइन शोधता येते, कुठल्या शास्त्रज्ञाला कशासाठी किती मिळाले सगळं. मामांना तेच दाखवा, त्यांना हिशोबात रस आहे तर ते तासभर त्यातून उठणार नाहीत.